तुझा ड्रायव्हर कोण?

कॉन्कर्ड, नॉर्थ कॅरोलिना
8 जून 2025

प्रिय दिन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "तासन्‌तास डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघायला एवढी माणसं कशाला जातात रे, आणि त्यात तू पण?" असं विचारून वर खदाखदा हसलायस. याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासारखं नाही, म्हणून पत्र. सुट्टीत गावाला गेलो की आपण एकमेकांना अंतर्देशीय पाठवायचो, तसंच समज. फक्त हे जरा जाड होणार आहे.

मी इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या म्हातारबांनी कुंपणापलीकडून विचारलं होतं, "तुझा ड्रायव्हर कोण?" मला वाटलं, ऑफिसला न्यायला उबर येते तिच्याबद्दल विचारतायत. मी म्हटलं, रोज वेगळा असतो. म्हातारबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रोज वेगळा बाप सांगितला. नॅस्कारबद्दलची, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या या मोटार शर्यतींबद्दलची, माझी पहिली शिकवणी ती. इथे आधी खेळ आवडतो आणि मग खेळाडू, असं नसतं. आधी माणूस ठरतो. बहुतेकांचा बापानं ठरवलेला असतो. मग त्या माणसापायी दर रविवारी चार तास खुर्ची सोडवत नाही.

म्हातारबांचा माणूस म्हणजे डेल अर्नहार्ट. काळी शेवरले, 3 नंबर, सात वेळा वर्षाचा विजेता. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कॅनापोलिस नावाचं गाव आहे, तिथला. आणि दिन्या, हे गाव म्हणजे गिरणगाव आहे रे! कॅनन मिलचे टॉवेल आणि चादरी जगभर जायच्या. म्हातारबा तिथेच कामाला होते. 2003 च्या जुलैत गिरणीला कायमचं कुलूप लागलं आणि एका फटक्यात या राज्यातली साडेचार हजारांवर माणसं घरी बसली. हे सांगताना त्यांचा चेहरा बघून मला 1982 च्या संपातले आपले दोघांचे बाप आठवले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठेच न जाणारे. अर्नहार्टचा बाप राल्फ हाही गिरणीत काम केलेला आणि मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवणारा. पोरगा नववीत शाळा सोडून गाड्यांच्या मागे लागला. गावात त्याचा 9 फुटी ब्राँझचा पुतळा आहे. त्या पुतळ्यापुढे उभं राहिल्यावर कळतं की लोक तिथे चॅम्पियन बघायला येत नाहीत, आपल्यातला एक जण साहेबांच्या गाड्यांना मागे टाकून गेला, तो बघायला येतात.

तो सभ्य होता असं मात्र समजू नकोस. 1999 मध्ये ब्रिस्टलच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत त्यानं टेरी लबॉन्टीला मागून धक्का देऊन गरागरा फिरवलं आणि स्वतः जिंकला. अर्धं स्टेडियम शिव्या देत होतं, अर्धं नाचत होतं. पण घरी कोणी गेलं नाही, म्हातारबा सांगतात.

18 फेब्रुवारी 2001, डेटोना 500 ही नॅस्कारची सर्वांत मानाची रेस, शेवटची फेरी, चौथं वळण. गाडी भिंतीवर आदळली आणि अर्नहार्ट गेला. पुढे पहिल्या दोन गाड्या त्याच्याच मालकीच्या टीमच्या होत्या, आणि दुसऱ्या नंबरच्या गाडीत त्याचा पोरगा, डेल ज्युनियर. त्या वर्षी प्रत्येक रेसच्या तिसऱ्या फेरीला लोक उभे राहून तीन बोटं वर करायचे. जुलैत त्याच डेटोनाला ज्युनियर जिंकला तेव्हा म्हातारबा हुंदके देऊन रडले, असं त्यांची बायको सांगते. ते स्वतः म्हणतात, डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत इथून पुढे आहे.

दरवर्षी प्रेक्षक मतं देऊन सर्वांत लाडका ड्रायव्हर निवडतात. 2003 ते 2017, सलग पंधरा वर्षं, तो मान ज्युनियरचा. पण हा गडी मुख्य स्पर्धेचं विजेतेपद एकदाही मिळवू शकला नाही. मधे एकदा तर 143 रेस ओळीनं कोरड्या गेल्या. चार वर्षं एकही विजय नाही, तरी मतं त्यालाच! आणि त्याच काळात त्याच्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीतला जिमी जॉन्सन 2006 पासून ओळीनं पाच वर्षं विजेता. पुढे आणखी दोन, एकूण सात, म्हणजे थोरल्या अर्नहार्टच्या बरोबरीला. त्याला हा मान एकदाही नाही. हुशार, नम्र, देखणा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एवढा चांगला की त्याच्यावर जीव टाकावासा वाटेना आणि त्याच्यावर चिडायचं तरी काय म्हणून?

एकदा रात्री मी त्या मानकऱ्यांची यादी घेऊन बसलो. 1984 ते 2024, म्हणजे 41 वर्षं. त्यात बिल एलियट सोळा वेळा. मग त्यानंच आपलं नाव मतदानातून काढून घेतलं, नाहीतर अजून चालू असतं. अर्नहार्ट बापलेक मिळून सोळा. बापाचा तो एक मान मेल्यावर मिळालेला. आणि 2018 पासून सलग सात वेळा चेस एलियट, बिलचा मुलगा. 41 पैकी 39 वर्षं दोन घरांत! आपल्याकडे मतदारसंघ असा चालतो.

या एलियट मंडळींचं गाव डॉसनविल, जॉर्जियाच्या डोंगरात. तिथे एक पूल खेळायचं आणि बर्गर खायचं जुनं ठिकाण आहे. एलियट जिंकला की त्याच्या छतावरचा भोंगा वाजवतात. हे ऐकून मी म्हातारबांना म्हटलं, आमच्याकडे भोंगा वाजला की बाप कामाला जायचे. ते म्हणाले, आमच्याकडेही.

उरलेली दोन वर्षं, 1989 आणि 1990, डॅरेल वॉल्ट्रिपची. त्याची गोष्ट सांगतोच, कारण ती आमच्या गावच्या ट्रॅकवरची आहे. हा बोलायला तिखट. कायम जिंकायचा आणि वर बोलून दाखवायचा. वर्षानुवर्षं लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मे 1989, इथली दोन लाख डॉलर बक्षिसाची रेस. शेवटाला दोन फेऱ्या उरल्या असताना वॉल्ट्रिप पुढे आणि रस्टी वॉलेसनं मागून धडक देऊन त्याला गवतात घातला. त्या एका क्षणात सगळं उलटलं. ज्याला शिव्या पडत होत्या तो बिचारा झाला, आणि वॉलेसला शिव्या पडायला लागल्या. त्याच वर्षी वॉल्ट्रिप सर्वांत लाडका. कुठलीही जाहिरात कंपनी पैसे घेऊन हे करून दाखवू शकली असती का, सांग मला.

म्हणून नुसतं 'स्टार असला की गर्दी येते' हे मला अर्धवट वाटतं. स्टार तर हवाच, पण त्याच्या समोर उभा राहणारा, ज्याच्या नावानं बोटं मोडता येतील असा दुसराही हवा. अर्नहार्टला जेफ गॉर्डन मिळाला. जन्म कॅलिफोर्नियाचा, गोरागोमटा, इंद्रधनुष्यी गाडीवाला. गिरणीकामगारांच्या डोक्यात जायला एवढं पुरे होतं. 2004 मध्ये टॅलाडेगाला गॉर्डननं ज्युनियरला मागे ठेवून रेस जिंकली तेव्हा लोकांनी ट्रॅकवर बियरच्या डब्यांचा पाऊस पाडला. वाईटच ते. पण ज्या खेळात हरल्यावर कोणी डबाही भिरकावत नाही, तो खेळ आजारी असतो, हे माझं मत.

मग आजार आलाच. 2006 ची डेटोना 500 अमेरिकेत सरासरी 1 कोटी 94 लाख लोकांनी टीव्हीवर बघितली. तिथून उतार. ब्रिस्टलचं स्टेडियम 1982 पासून सलग 55 रेस पूर्ण विकलं गेलेलं. मंदी आली आणि 2010 च्या वसंतात तिथे पहिल्यांदा रिकाम्या खुर्च्या दिसल्या. पुढे एकेका ट्रॅकनं खुर्च्याच उचकटून काढल्या. मग ओळीनं सगळे निघाले. 2015 ला गॉर्डन, 2016 ला टोनी स्टुअर्ट, 2017 च्या जानेवारीत कार्ल एडवर्ड्सनं अचानक हेल्मेट ठेवलं, आणि वर्षअखेर ज्युनियर. आणि वरचे साहेब? त्यांचा आधीपासून एकच उपाय, गुणांची पद्धत बदलायची. 2004 ला एकदा, 2014 ला परत, 2017 ला रेसचेच तुकडे पाडून परत. म्हातारबा म्हणतात, घरातला कर्ता गेला आणि यांनी भिंतींना रंग काढला.

पण म्हातारबांशी मी इथे भांडतो. ज्युनियर होता, मतं घेत होता, तेव्हाच आकडे घसरायला लागले होते की! एकटा लाडका छप्पर किती वर्षं डोक्यावर धरणार? पेट्रोल महाग, नोकऱ्या गेलेल्या, आणि ज्या जुन्या ट्रॅकांवर हा खेळ वाढला त्यांच्यातले काही बंद. नॉर्थ विल्क्सबरोला 1996 नंतर कितीतरी वर्षं मोठी रेसच नाही. ट्रॅकवर गवत. आणि तरीही बघ, ऑगस्ट 2022 मध्ये निवृत्त ज्युनियर तिथे एका छोट्या रेसमध्ये उतरला तर स्टँड खचाखच. पुढच्याच वर्षी नॅस्कारनं आपली ऑल-स्टार रेस तिथे नेली. म्हणजे एका माणसाच्या नावावर मेलेला ट्रॅक उठतो, पण सगळा खेळ नाही उठत.

तुला दादाचं आठवतंय ना? तुझा दादा चढाईला गेला की पूर्ण पेरू कंपाउंड श्वास रोखून. त्याला बँकेच्या टीमनं उचलला आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या सामन्यांना चटया रिकाम्या. तेव्हाही आपण नियमांना दोष दिला नव्हता. आपण शेजारच्या मंडळाचा तो टक्कल केलेला पकड खेळाडू शोधत होतो, कारण दादा गेल्यावर त्याला शिव्या देण्यातही राम उरला नव्हता.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो. 25 मे, कोका-कोला 600. दीड मैलाचा ट्रॅक, 400 फेऱ्या. संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि दिव्यांखाली संपते. म्हातारबा, मी आणि मृण्मयी. इथे स्टँडमध्ये आपला डबा नेता येतो, म्हणून बायकोनं कांदेपोहे दिले होते. आम्ही फार खाली बसलो ही चूक. टायर झिजून रबराचे बारीक काळे कण उडतात, ते केसांत, मानेवर, आणि पोह्यांवर. मृण्मयी म्हणाली, बाबा, मोहरी जास्त झालीय. म्हातारबांनी मोहरीसकट खाल्ले आणि अजून मागितले.

मृण्मयीचा ड्रायव्हर दर रेसला बदलतो, रंगावरून. पण तिची एक तक्रार रास्त आहे. मागच्या वेळची निळी गाडी या वेळी पांढरी होती. पूर्वी एकच प्रायोजक वर्षभर असायचा. अर्नहार्टची काळी 3, ज्युनियरची लाल 8, डोळे मिटून ओळखावी. आता हंगामात अर्धा डझन कंपन्या गाडी वाटून घेतात आणि दर दोन आठवड्यांनी नवा सदरा. पोरानं जीव लावायचा कशाला?

रेस विल्यम बायरनची होती. 400 पैकी 283 फेऱ्या तोच पुढे. मी भाड्यानं घेतलेला स्कॅनर कानाला लावून त्याच्या टीमचं बोलणं ऐकत होतो. आवाजात कसलीही घाई नाही. आणि शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना रॉस चॅस्टेननं त्याला मागे टाकलं. हा सगळ्यात शेवटून, चाळिसावा सुटलेला. आदल्या दिवशी सरावात गाडी फुटलेली, टीमनं रात्रभर खपून दुसरी उभी केलेली. फ्लोरिडाच्या कलिंगड पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. 2022 मध्ये मार्टिन्सविलला यानंच शेवटच्या फेरीत गाडी भिंतीला चिकटवून, गॅसवरून पाय न उचलता, पाच गाड्या मागे टाकल्या होत्या. पुढच्या वर्षापासून नॅस्कारनं ती युक्तीच बंद केली. अर्ध्या ड्रायव्हरांचं याच्याशी कधी ना कधी वाजलेलं.

जिंकल्यावर तो गाडीवर चढला आणि एक अख्खं कलिंगड डोक्यावर धरून ट्रॅकवर आपटलं. प्रत्येक विजयानंतर आपटतो. आमच्या पुढच्या रांगेतला एक जण हुर्यो करत होता, त्याची बायको टाळ्या वाजवत होती. म्हातारबा मात्र उभे होते. इथे आल्यापासून त्यांना विजेत्यासाठी उभं राहिलेलं मी तरी बघितलं नाही. पार्किंगमध्ये मी हळूच विचारलं, "मग, तुमचा ड्रायव्हर कोण?" म्हणाले, "पाय आखडले होते म्हणून उभा राहिलो. पण पोरगा गाडी घाण चालवतो." त्यांच्या तोंडी 'घाण' हा शब्द याआधी मी फक्त अर्नहार्टबद्दल ऐकलाय, आणि तो कौतुकाचा असतो.

काल ते भलंमोठं कलिंगड घेऊन आले, फळ म्हणून. मी सुरी आणायला आत गेलो तेवढ्यात मृण्मयीनं ते मागच्या पायऱ्यांवरून दोन्ही हातांनी आपटलं. म्हातारबा ओट्यावर बसून तिसऱ्या पायरीवरचे तुकडे निवडून खात होते. अजून मुंग्या आहेत तिथे. बायको माझ्याशी बोलत नाही.

वहिनींना नमस्कार. दादाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय झालं ते नक्की कळव, आणि त्याला विचार, त्या टकल्याचं नाव काय होतं? परवापासून आठवतोय, ओठांवर आहे पण येत नाही.

तुझा,
सुध्या