हातभट्टी नव्हे, बाबा!

पोर्टलंड, ओरेगॉन
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी कौतुकानं कपाटातला पांढरा डबा दाखवला आणि घोटाळा झाला. “पोरगी सातासमुद्रापार जाऊन हातभट्टी लावते, हे मी कुणाला सांगू?” असं म्हणून आईनं फोन तुमच्याकडे दिला. तुम्ही नुसतं “हं” म्हणालात. आईच्या दहा वाक्यांपेक्षा तुमचं ते “हं” जड पडतं. म्हणून हे पत्र. फोनवर मी बोलत सुटते आणि तुम्ही नळाला पाणी आलं म्हणून उठता. कागदावर तरी मला सगळं सांगता येईल.

बाबा, तुमचा जुना प्रश्नही अजून उधार आहे. “पाचला सुटतेस म्हणतेस, मग पुढे करतेस काय?” तर बिअर बनवते, नाटकातली गाणी म्हणते आणि इंटरनेटच्या कायद्यांचे कागद वाचते. इथल्या मैत्रिणींना हे तीन म्हणजे तीन वेगळ्या बायका वाटतात. तुम्हाला तसं वाटू नये. दिवसभर जिल्हा परिषदेत फायली उपसून रात्री अकरापर्यंत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करणाऱ्या माणसाला हौस म्हणजे काय, ते मी सांगायचं?

आधी डबा. आई, तू नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतेस, मोड आणतेस, वाळवून भाजतेस. तेच जवाचं केलं की माल्ट झाला. तो भरडून ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचा. त्या तासात माल्टमधली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. पाणी दोन अंश थंड राहिलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी, पातळ होते. दोन अंश चढलं तर जाडसर, गोडसर. मी थर्मामीटर हातात धरून त्या पातेल्याशी उभी असते, तू एकतारी पाकापाशी असतेस तशी. मग तो गोड काढा गाळून घेऊन तासभर खळखळ उकळायचा आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. सुरुवातीला घातली तर कडूपणा देतात, शेवटी घातली तर वास. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांच्यात असतो तेवढाच फरक. इथून तासाभरावर विलामेट खोऱ्यात या वेलींचे मळे आहेत, आपल्याकडच्या द्राक्षबागांना दोन मजले चढवावेत तसे. तिथल्या सरकारी संशोधन केंद्रातून १९७२ साली बाहेर आलेला कॅस्केड नावाचा वाण माझा लाडका. फूल चुरगळलं की थेट पपनसाचा वास येतो.

आणि माझी नोकरीही इथे कामाला येते. पाण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर मी जे मोजते, तेच रविवारी पातेल्यात असतं. पोर्टलंडचं पाणी माउंट हूडजवळच्या बुल रन नदीच्या खोऱ्यातून येतं आणि फार मऊ आहे. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणीही असंच, म्हणून १८४२ मध्ये तिथे हलकी सोनेरी लागर बिअर साधली. इंग्लंडातल्या बर्टनचं पाणी जिप्सममुळे जड, तिथे पेल एल नावाची कडवट बिअर गाजली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई नळाचं पाणी वेगळं भरून ठेवते, तोच हिशेब. बर्टनच्या धर्तीची करायची असेल तेव्हा मी चमचाभर जिप्सम घालते. ज्या नळाचं पाणी आठवडाभर शुद्ध म्हणून सही करून देते, त्यातच रविवारी घरी बसून खडा टाकते.

उकळलेलं निवलं की यीस्ट, आणि मग पंधरा दिवस डबा अंधारात. झाकणाला पाण्याची एक नळी असते, तिच्यातून वायू गुडगुडत बाहेर येतो. आत्ताही येतोय. या यीस्टला ओरेगॉनच्या विधिमंडळानं २०१३ साली राज्याचा अधिकृत सूक्ष्मजीव ठरवलं आहे. आपला शेकरू राज्यप्राणी, तसा यांचा हा.

पहिल्या खेपेला काय झालं तेही सांगून टाकते, नाहीतर धाकटा सांगेलच. बाटल्या भरताना फेस यावा म्हणून एकोणीस लिटरला साधारण ११५ ग्रॅम साखर घालतात. मी घातली, फोन आला, बोलून आले आणि पुन्हा घातली. आठवड्यानं रात्री दोन वाजता कपाटात लक्ष्मीपूजन सुरू झालं. अकरा बाटल्या फुटल्या. त्याच कपाटात हिवाळ्याचे कोट होते. सोमवारी ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आता हातभट्टीचं. हेच मी सांगलीत केलं असतं तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आईचं म्हणणं खरं ठरलं असतं. इथेही ते फार काळ चोरूनच होतं. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, घरची बिअर मात्र कायद्यातून राहून गेली. पुढची पंचेचाळीस वर्षं लोक गुपचूप डबे लावत होते. शेवटी १९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. हेच कार्टर, डिसेंबरात शंभराव्या वर्षी गेले ते. एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००. माझ्या वाट्याला ३७८ लिटर येतात. मी सहा डबे लावते, म्हणजे एकशेचौदा लिटर, आणि त्यातले निम्मे वाटण्यात जातात. वाटावंच लागतं, कारण अट एकच आहे: विकायची नाही. मला ही अट फार आवडते. विकता येत नाही म्हणूनच इथे कुणी कुणापासून कृती लपवत नाही. तुमच्या नाट्यमंडळात दाढीमिशा एकमेकांना उसन्या देत असत, तसे आम्ही यीस्ट देतो.

एक गंमत. २०१० साली ओरेगॉनच्या जुन्या कायद्याचा कुणीतरी बारकाईनं अर्थ लावला: घरी केलेली बिअर घरातच प्यायची, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. झालं, राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धाच रद्द झाली. मंडळी विधिमंडळात जाऊन बसली आणि २०११ मध्ये कायदा बदलून आली. इथे जुनी हौशी माणसं माल्टइतकीच कलमंही पाठ म्हणून दाखवतात, ती यामुळे.

गुरुवारी गाणी. एका चर्चच्या तळघरात आम्ही चौदा जण जमतो. पियानोवर सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका असतात. तुमच्यासारख्याच सूर चुकला की थांबत नाहीत, फक्त भुवई वर करतात. इथल्या संगीत नाटकांतल्या गाण्यांना शो ट्यून म्हणतात. बाबा, सुरुवातीला मला ती कोरडी वाटली. गाणं बत्तीस मात्रागटांचं. पहिले आठ, तेच पुन्हा आठ, मग आठ वेगळे आणि शेवटी पहिले आठ परत. आलापाला जागा नाही, तानेला नाही, संपलं. आपल्याकडे गाणं आलं की गोष्ट खुर्ची ओढून बसते. म्हाताऱ्याशी लग्न लागायच्या बेतात असलेली शारदा तान पुरी होईपर्यंत थांबते आणि प्रेक्षकालाही घाई नसते. यांच्याकडे, विशेषतः १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ या संगीत नाटकापासून, गाण्यानं गोष्ट पुढे ढकलली पाहिजे असा दंडक पडला. गाणं सुरू होताना पात्र जिथे होतं तिथेच संपताना राहिलं, तर ते गाणं कापतात. पहिल्या अंकात नायिकेला काय हवंय ते सांगणारं एक गाणं ठरलेलं. शेवटाआधी एक हुकमी गाणं, त्याला ‘अकरा वाजताचं गाणं’ म्हणतात, कारण पूर्वी प्रयोग साडेआठला सुरू होत. आता लवकर सुरू होतात, तरी नाव अकराचंच.

हळूहळू त्या बत्तीस गटांची नशा चढली. तिसऱ्या आठात सूर अचानक दुसऱ्या घरात जातो आणि परत येताना पहिली ओळ तीच असून तिचा अर्थ बदललेला असतो. ही करामत आपल्या अंतऱ्यानंतरच्या ध्रुवपदात असते, पण इथे ती मोजून-मापून बसवलेली आहे. तरी एक उणीव आहेच. गेल्या वर्षी एका प्रयोगाला एका बाईनं गाणं असं म्हटलं की मी भावे नाट्यमंदिरात असल्यासारखी ओरडले, “वन्स मोअर!” सगळं थिएटर मागे वळून बघायला लागलं. इंग्रजी शब्द, इंग्रजांच्या भाषेत, आणि एकाही इंग्रजी बोलणाऱ्याला कळला नाही! तो शब्द आपलाच आहे बाबा. इथे कुणी वापरत नाही.

आमच्याकडे पैसे नसतात, त्यामुळे आम्ही हक्क संपलेलीच गाणी म्हणतो. इथे जुन्या गाण्यांवर छापल्यापासून पंच्याण्णव वर्षं हक्क राहतो. १९९८ मध्ये मुदत वीस वर्षांनी वाढवली, म्हणून २०१९ पर्यंत नवं काही खुलंच झालं नाही. आता दर १ जानेवारीला एक एक साल सुटतं. यंदा १९२९ चं सुटलं. त्या दिवशी आमच्या गटात पाडव्यासारखं वातावरण असतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. हरिपूरचे देवल १९१६ साली गेले, म्हणजे शारदा केव्हाच सर्वांची झाली.

या कायद्याच्या वाटेनंच मी तिसऱ्या नादात परत शिरले. परत म्हणते, कारण पहिल्यांदा तुम्ही नेलं होतंत. २०१५ मध्ये ट्रायला, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाला, इंटरनेटवर भेदभाव नको म्हणून दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यातला एक तुमचा. बाकी बहुतेकांनी तयार मजकूर चिकटवला. तुम्ही मात्र “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून” असा सुरू करून दीड पान स्वतः लिहिलंत आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून मला पाठवलंत. मी हसले होते. पण ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला: कुठली साइट उघडता त्यावरून वेगळा दर लावायचा नाही. निवडक साइट फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स भारतातून गेलं. त्या दिवशी तुम्ही पेढे आणले होते.

मुद्दा सोपा आहे. पाणीपट्टी भरली की नळाचं पाणी आमटीला वापरता की देवाला, हे महापालिका विचारत नाही. इंटरनेटचंही तसंच हवं, यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. इथे २०१५ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगानं (एफसीसी) तसा नियम केला, २०१७ च्या डिसेंबरात काढला, गेल्या एप्रिलात परत आणला आणि यंदा २ जानेवारीला सिनसिनाटीच्या अपील न्यायालयानं पुन्हा उडवला. आई, “त्यात आपलं कुणी होतं का?” हा तुझा प्रश्न येणारच, म्हणून सांगते: २०१७ ला काढणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष अजित पै. आईवडील भारतातून आलेले डॉक्टर, स्वतः कॅन्ससच्या पार्सन्स गावात वाढलेले. त्यांच्या घरी मासे कसे करतात ते मला ठाऊक नाही.

बाबा, फाइलवाल्या माणसाला आवडेल असं यात एक आहे. हे सगळं रामायण एका वर्गवारीवर चाललं आहे. १९९६ च्या कायद्यात दोन रकाने आहेत, ‘दूरसंचार सेवा’ आणि ‘माहिती सेवा’. पहिल्यात टाकलं तर आयोग नियम लावू शकतो, दुसऱ्यात टाकलं तर हात बांधलेले. दहा वर्षं एकच फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.

२०१७ मध्ये आयोगाकडे दोन कोटी वीस लाखांवर सूचना आल्या. पुढे न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली तर त्यातल्या जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख खोट्या निघाल्या. पंचाऐंशी लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशानं, लोकांची नावं त्यांना न विचारता वापरून. सत्त्याहत्तर लाख नियमाच्या बाजूनं, कॅलिफोर्नियातल्या एकोणीस वर्षांच्या एकाच विद्यार्थ्यानं यंत्रावर बनवलेल्या. म्हणजे माझ्या बाजूचाही हात काळाच. ते वाचलं तेव्हा तुमचं दीड पान आठवलं. आता मी सूचना पाठवते तेव्हा स्वतःच लिहिते, वेळ लागला तरी. राज्यांत अजून काही शिल्लक आहे. ओरेगॉननं २०१८ मध्ये कायदा केला की भेदभाव करणाऱ्या कंपनीशी सरकारी कार्यालयांनी करार करू नये. कॅलिफोर्नियाचा त्याहून कडक आहे. तोही वाचते आहे. कंटाळवाणा आहे.

आता काम. एप्रिलात आमच्या गटाची बैठक आहे आणि प्रत्येकानं आपल्या घरचं एक गाणं म्हणायचं आहे. मी शारदेतलं म्हणणार. पियानोवाल्या बाईंना काळी चार म्हणजे जी शार्प, इतपत समजावलं आहे. पण अंतऱ्यानंतर परत येताना तुम्ही पेटीवर एक लहानशी जागा घेता, ती मला काही केल्या आठवत नाही. तेवढी वाजवून पाठवा. फोन भात्याजवळ ठेवू नका, मागच्या वेळी नुसती फुसफुस आली होती. आणि तालासाठी आईला टाळ्या वाजवायला सांगा, तिची लय तुमच्यापेक्षा पक्की आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची थोरली

ता. क. आई, इथल्या थंडीत आंबोळीचं पीठ दोन दोन दिवस फुगत नव्हतं. या वेळी पातेलं बिअरच्या डब्याला लावायच्या गरम पट्ट्याशेजारी ठेवलं. सकाळी उतू जाऊन कोटांवर आलं होतं. आंबोळ्या छान झाल्या.