उजव्या मुठीतलं पेन

विचिटा, कॅन्सस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर सगळं सांगितलं. उजवा हात साथ देईना म्हणून बँकेत सही जुळली नाही आणि खिडकीवरच्या माणसाने चारचौघांत तुम्हाला अंगठा उठवायला लावला. बत्तीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणारा तुमचा हात! तेव्हापासून तुम्ही ओट्यावरसुद्धा येत नाही म्हणे. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

म्हणून आज इथले दिवंगत सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य) बॉब डोल यांच्याबद्दल लिहितेय. तुम्ही जन्माचे सेवा दलवाले आणि डोल पक्के रिपब्लिकन, म्हणजे इथल्या उजव्या पक्षाचे. १९६५ मध्ये मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या विरोधात मत दिलेले. ते मत मलाही पटत नाही. तरी वाचा.

गेल्या रविवारी आम्ही त्यांच्या गावी, रसेलला गेलो होतो. नजर जाईल तिथवर शेतं, मधेच तेल उपसणारे पंप. मंदीच्या काळात डोलांनी घर भाड्याने दिलं आणि सहाही माणसं तळघरात राहिली. पोराला डॉक्टर व्हायचं होतं. पण दुसऱ्या महायुद्धात, १४ एप्रिल १९४५ ला, इटलीच्या डोंगरात त्याच्या उजव्या खांद्याच्या चिंधड्या झाल्या. पुढची तीनेक वर्षं इस्पितळातच गेली. शिकागोच्या डॉ. केलिकियन यांनी शस्त्रक्रियांची फी घेतली नाही, पण बाकीच्या खर्चाचं काय? गावातल्या औषधाच्या दुकानात सिगारचा रिकामा खोका ठेवला आणि लोकांनी त्यात पैसे टाकले. सुमारे १,८०० डॉलर जमले. तो खोका त्यांनी पुढे कित्येक वर्षं जपून ठेवला होता.

हात मात्र परत आला नाही. ते डाव्या हाताने लिहायला शिकले, वकील झाले, १९६१ पासून १९९६ पर्यंत संसदेत राहिले, सिनेटमध्ये पक्षाचे नेते झाले. उजव्या मुठीत कायम एक पेन धरलेलं असायचं, लिहायला नव्हे. समोरच्याने तो हात हातात घ्यायला जाऊ नये म्हणून. बाबा, तुम्ही तुमचा उजवा हात उपरण्याखाली ठेवता ना, तसंच.

सिनेटमधलं पहिलं भाषण त्यांनी १४ एप्रिललाच केलं, १९६९ साली, अपंगांच्या प्रश्नावर. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, तेव्हा विरोधी पक्षाच्या टॉम हार्किन यांच्याबरोबर ते उभे राहिले. आज इथे बँकेच्या दारात उतरता रस्ता दिसतो तो त्या कायद्यामुळे. गरिबांच्या अन्नासाठीही त्यांनी विरोधी पक्षाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याशी हातमिळवणी केली, आणि मॅकगव्हर्न तर तुमच्याच विचारांचे!

सगळं जिंकले असं नाही. १९९६ ला अध्यक्षपदाची निवडणूक हरले. २०१२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, अपंगांच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी चाकाच्या खुर्चीतून सिनेटमध्ये आले, आणि त्यांच्याच पक्षातल्या बहुतेकांनी विरोधात मतं दिली. पाच मतं कमी पडली. ते वाचताना मला रडू आलं.

२०१८ मध्ये माजी अध्यक्ष थोरल्या बुश यांच्या शवपेटीपुढे त्यांना धरून उभं केलं, तेव्हा त्यांनी सलाम केला तो डाव्या हाताने. अख्ख्या देशाने पाहिला. कोणीही सही जुळत नाही म्हटलं नाही.

डोल शर्टाच्या गुंड्या एका आकड्याने लावायचे. तसाच एक आकडा मैत्रिणीबरोबर पाठवतेय, ती पंधरवड्यात पुण्याला पोचेल. लाकडी मूठ, पुढे तारेचा फासा. फासा काजातून घालायचा, गुंडीत अडकवायचा, ओढायचा. पहिल्या दिवशी एकच गुंडी लावा. आईला मधे पडू देऊ नका.

आणि बँकेत जाऊन डाव्या हाताच्या सहीचा नवा नमुना द्या. आईला बरोबर न्या.

तुमची,
सुमी