क्वार्टरबॅक निवडताना विजयांची बेरीज पुरत नाही

महोदय,

अमेरिकन फुटबॉलवरच्या आपल्या लेखात ‘जिंकून देणाऱ्या क्वार्टरबॅकला प्रशिक्षकाने हात लावू नये’ असे म्हटले आहे. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू. जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला हा सल्ला घातक ठरू शकतो. विजयात बचावफळीचा वाटा मोठा असतो आणि तो क्वार्टरबॅकच्या खात्यावर जमा होतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. बाद फेरीत समोरच्यांनी आपला नेहमीचा खेळ बंद पाडला, तर या खेळाडूकडे दुसरे काय आहे?

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या उपांत्य लढतीत क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या संघाला तिसऱ्या डाउनच्या (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या) १३ संधींपैकी फक्त एक साधता आली आणि सामना जादा वेळेत २०-१७ असा गेला. पुढच्या मोसमात स्मिथचे ७० टक्के पास अचूक जात होते. नोव्हेंबरमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला, कॉलिन केपर्निक उतरला आणि शिकागो बेअर्सना ३२-७ असे हरवले. स्मिथ बरा झाल्यावरही प्रशिक्षक जिम हार्बो यांनी केपर्निकलाच ठेवले. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि त्याचे कारण मैदानावरच्या हिशेबात आहे.

क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हाती देतो, तेव्हा तो स्वतः खेळातून बाद होतो आणि बचावाला एक माणूस जास्तीचा मिळतो. ‘रीड ऑप्शन’मध्ये कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याच्यावर नजर ठेवतो. तो बचावपटू धावपटूकडे वळला, तर चेंडू स्वतःकडे ठेवून मोकळ्या कडेने पळायचे. जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूला द्यायचा. हिशेब अकरास अकरा होतो, सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे लांब पासची जागा उघडते. पण यासाठी क्वार्टरबॅकचा वेग खरोखर धास्ती वाटावी असा हवा. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध केपर्निक एकटा १८१ यार्ड धावला.

त्याची उणी बाजूही त्याच मोसमात दिसली. बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, शेवटी गोलरेषा सात यार्डांवर होती. चार खेळींत एक छोटी धाव, तीन पास वाया, आणि मधे खेळी सुरू करण्याची वेळ संपत आल्याने एक टाइमआउट खर्ची पडला. निकाल ३४-३१. दोन खेळींमध्ये ४० सेकंद मिळतात. १५ उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. तेवढ्यात रचना लावणे आणि समोरचा बचाव ओळखून खेळी बदलणे हे नवख्याला जड जाते. निवड करताना हे तपासायलाच हवे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे निर्णय लांबवणे. साधारणपणे बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या, गुरुवारी तिसऱ्या डाउनच्या आणि शुक्रवारी शेवटच्या वीस यार्डांतल्या खेळींचा सराव होतो. या खेळी दोघांत वाटल्या, तर दोघेही अर्धवट तयारीनिशी रविवारी उतरतात. पास पकडणाऱ्यांचे पावलांचे गणितही बिघडते, कारण प्रत्येकाचा चेंडू सुटण्याचा क्षण वेगळा असतो. नाव बुधवारच्या सरावाआधी ठरावे आणि ते आधी त्या दोघांना सांगावे. दुखापतीतून परतलेल्याला खेळाचे कारण स्पष्ट सांगणे तर फार गरजेचे आहे. नाहीतर जागा जाईल या भीतीने खेळाडू डोक्याचा मार लपवतील, आणि ते भयंकर आहे.

मोजलेल्या किमतीकडे बघूनही निवड करू नये. याच फोर्टीनाइनर्सनी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले (ड्राफ्ट) पहिल्या फेरीचे तीन हक्क देऊन २०२१ मध्ये ट्रे लान्सला घेतले. तरी २०२३ मध्ये पसंती दिली ती आदल्या वर्षी अगदी शेवटी, २६२व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीला. त्याचा वार्षिक पगार दहा लाख डॉलरहूनही कमी होता. पगाराला कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये उरलेला पैसा बाकीच्या संघावर खर्च करता येतो. तो संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला.

आपल्या क्रीडापानाला एक विनंती आहे. पुढच्या मोसमात क्वार्टरबॅकच्या नावापुढे जय-पराजयासोबत तिसऱ्या डाउनची आणि शेवटच्या वीस यार्डांतली कामगिरीही छापावी.

आपला,
एक नियमित वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया