निर्लेखनाआधी एकदा झाकण उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की मराठवाड्यातल्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ वस्तूंची यादी) बाहेर निघते. कोठीतले संगणक निर्लेखित होतात, म्हणजे वापरातून बाद ठरतात, लॉट पडतो आणि वजनावर बोली लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबल्यापासून या लॉटमध्ये चालू मशीनच जास्त दिसू लागली आहेत. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-३, आय-५ संगणक धडधाकट असूनही 'कालबाह्य' असा शेरा मारून मोकळे केले जातात. काट्यावर जाण्याआधी प्रत्येक मशीनला अर्धा तास द्यावा, एवढ्याचसाठी हे पत्र.

वजनावर गेलेला संगणक पुन्हा संगणक म्हणून उभा राहत नाही. टेम्पोत फेकतानाच निम्मे कनेक्टर मोडतात. मग रॅम आणि प्रोसेसर एकीकडे, प्रोसेसर गार ठेवणारा हीटसिंक ॲल्युमिनियमच्या ढिगात, पत्रा पत्र्यात. केबल गावाबाहेर जाळून तांबे काढतात. त्या धुरात पीव्हीसीमुळे डायॉक्सिनसारखी विषे असतात.

आता त्या अर्ध्या तासाचे. वायर काढून मशीन मोकळ्या हवेत न्यावे आणि ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नये, त्याच्या हवेत पाणी असते. 'डिस्प्ले येत नाही' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीवरचा गंज असतो. पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने घासावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि घट्ट बसवावी. त्यानंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट प्रोग्रामची निदान एक पूर्ण फेरी द्यावी. रात्रभर चालवली तर उत्तम. नवी रॅम महागली आहे, तेव्हा मेलेल्या मशीनमधली चांगली पट्टी जपून ठेवावी. मात्र डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या दोन पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, जोर लावू नये.

पॉवर सप्लायची चाचणी मल्टिमीटरवर होते. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. हे मोजमाप मशीन चालू असताना घ्यावे, कारण रिकामा सप्लाय आकडे बरोबर दाखवतो आणि भार पडला की बसतो. काही मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मॉडेलमध्ये जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते, म्हणून बाजारातला सप्लाय तसाच लागेल असे धरू नये. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर तेवढेच बदलता येतात: मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाच्या) प्रकारचे. साधे कपॅसिटर टाकले की थोड्याच दिवसांत तेच दुखणे परत येते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. जुनी पुसून मटकीच्या दाण्याएवढी नवी पुरते. ढीगभर लावल्याने गारवा वाढत नाही.

सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे सीआर २०३२ची बटणासारखी बॅटरी, आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्यामुळेच होतात. ती उतरली की घड्याळ मागच्या सालात जाते, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि 'नेट बंद आहे' अशी ओरड होते. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. २.८च्या खाली असेल तर बदलावी.

हार्डडिस्कबाबत कार्यालयांची भीती खरी आहे, पण त्यावरचा उपाय चुकतो. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही, हे बरोबर. म्हणून डिस्क काढून कपाटात ठेवतात आणि बाकीचे मशीन खिळखिळे करून विकतात. वास्तविक फिरत्या डिस्कवर एकदा शून्ये लिहून काढली तरी पुरते. ५०० जीबीला साधारण दीड तास लागतो. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेल्या चिपच्या डिस्कला, ही पद्धत चालत नाही, तिच्या राखीव भागापर्यंत लेखन पोहोचत नाही. तिथे डिस्कला आतूनच सगळे पुसायला लावणारा सिक्युअर इरेजचाच आदेश द्यावा. पुसलेल्या डिस्कचा अनुक्रमांक, तारीख आणि सही एका कागदावर घेतली की कार्यालयही निर्धास्त. डिस्कच्या तब्येतीच्या 'स्मार्ट' अहवालात 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्य नसतील तर ती डिस्क पुन्हा वापरू नये, तबकड्यांतून भोक पाडून बाद करावी. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी टाकली की जुने मशीन किती मंद होते हे विसरायला होते.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर चालते, ८ जीबी असेल तर आरामात. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यातच असतो. पण ज्याला हिशेबाचे विंडोजवरचे टॅलीच पाहिजे किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायलींवर रोज काम करायचे आहे, त्याच्या गळ्यात हे मशीन मारू नये. शाळा, गावची अभ्यासिका, वाचनालय यांची गरज वेगळी असते.

खरी परीक्षा शाळेत वीज जोडताना होते. आपल्याकडे संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसते. ज्या सप्लायच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असते तो हे सोसतो. मागे लाल खटका असलेला सोसत नाही, आणि तो खटका 'कमी व्होल्टेज आहे' म्हणून कोणी ११५वर नेला तर २३० येताच सप्लाय फुटतो. खटक्यावर चिकटपट्टी मारूनच मशीन द्यावे. अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन बोलवावा, संगणक नंतर. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढू शकत नाहीत. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे जिथे वीज सारखी जाते तिथे जुना लॅपटॉप बरा, फक्त त्याची बॅटरी फुगलेली नसावी. फुगली असेल तर टोचू नये, दाबू नये. काढून कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवावी आणि लॅपटॉप चार्जरवर चालवावा. बहुतेक मॉडेल बॅटरीविना चालतात.

सगळेच वाचते असे नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, जुन्या एलसीडीच्या बारीक नळ्यांत पारा. हे फोडायचे नाही, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत नूतनीकरण करणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. वर्षात केव्हाही एक हजार उपकरणे वापरात असलेल्या संस्थेने माल नोंदणीकृत हातांतच द्यायचा असतो. वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनी आणि आपल्या विद्यापीठांनी आपली मोजणी एकदा करून पाहावी. उपकरणांत फक्त संगणक मोजायचे नसतात.

हे काम करणारी माणसे बाहेरून आणायची गरज नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे आणि तिथल्या मुलांना हात बसायला खरी बिघडलेली मशीनच लागतात. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यांना सोबत घेतले तर त्यांनाही पावसाळ्यातल्या मंदीत काम मिळेल.

निर्लेखन समित्यांनी लिलावाच्या सूचनेत चालू, दुरुस्तीयोग्य आणि भंगार असे तीन लॉट वेगळे करावेत आणि पहिले दोन नगावर द्यावेत, किलोवर नाही. प्रत्येक लॅपटॉपला त्याचाच चार्जर बांधून ठेवावा. कॅबिनेटचे स्क्रू पिशवीत घालून आतच चिकटवावेत. आणि कोठीच्या खिडकीतून पाऊस येतो का, तेवढे जूनच्या आधी पाहून घ्यावे.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी