‘शंभर वर्षांचा पूर’ दिशाभूल करतो

नदीकाठच्या पूररेषांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. लाल रेषा म्हणजे ‘१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची’ रेषा, हे त्यातील वाक्य चूक नसले तरी दिशाभूल करणारे आहे. ते वाचून वाटते की, एकदा पूर येऊन गेला की पुढच्या तीन पिढ्या निर्धास्त! संभाव्यताशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. पुराला मागचे वर्ष आठवत नसते. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता सुमारे २६ टक्क्यांवर जाते. निळ्या रेषेच्या, म्हणजे २५ वर्षांच्या, पुरासाठी तर ती सुमारे ७१ टक्के होते. कोल्हापूर-सांगलीकरांनी २०१९ पाठोपाठ २०२१ मध्येही महापूर पाहिला आहे. शिवाय हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. पाऊसमान बदलले की तो १ टक्काही शिळा ठरतो. तेव्हा पूररेषेच्या नकाशांवर वर्षांऐवजी ३० वर्षांतील शक्यता टक्क्यांत छापावी. घर घेणाऱ्याला ती लगेच कळेल. बांधकाम व्यावसायिकांना कदाचित रुचणार नाही.

– एक वाचक, सांगली