कवटी म्हणजे शोक नव्हे

लिखित गप्पांत आवाजाचा चढउतार नसतो, म्हणून साधी थट्टाही अंगावर येते. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तो याचसाठी. आता चिन्हेच घोळ घालतात. तरुण मंडळी संदेशात कवटीचे चित्र टाकतात ते ‘हसून मेलो’ या अर्थाने. थोरांना ते अभद्र वाटते. ‘एलओएल’ (‘लाफिंग आउट लाऊड’, म्हणजे मोठ्याने हसणे) हे ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून निधनाच्या बातमीखाली टाकणारे तर आहेतच! अर्थ अडला की त्याच व्यक्तीचे मागचे चार-पाच संदेश वाचावेत. तरी उमगेना, तर सरळ विचारावे. उपरोध लिहिणाऱ्याने शेवटी ‘गंमत’ एवढा शब्द जोडावा. सांत्वनात मात्र संक्षेप नकोच.

– एक वाचक