‘शहरात आज’ सदरात एएच्या मीटिंगला जागा द्या

संपादक महोदय,

गटारी तोंडावर आली की चौकाचौकांत एकच वाक्य ऐकू येतं : ‘उद्यापासून महिनाभर बंद.’ शनिवार-रविवारी घेणाऱ्याला ते जमतं. पण सकाळी कपबशी हातात धरवत नाही म्हणून ज्याला आधी घोटभर लागते, त्याने एका रात्रीत सोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, ताप चढतो, घरची माणसं ओळखू येत नाहीत. घरचे याला ‘बाहेरचं’ समजून अंगारा लावत बसतात. अशा माणसाला सोडण्याआधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं. शरीरातली दारू औषधांच्या आधाराने उतरली, की पुढे न पिण्याचं काम मीटिंगचं.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची बैठक, सगळ्यांच्या तोंडी ‘एए’; दारू सोडू पाहणारे तिथे एकमेकांना आधार देतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ १९५७ पासून भारतात आहे. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. खोलीचं भाडं आणि चहा सभासदांच्याच वर्गणीतून निघतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. शेवटी पिशवी फिरते तेव्हा नवख्याने खिसे चाचपू नयेत, ती पुढे सरकवली तरी चालतं.

अडचण असते ती जागा सापडण्याची. मीटिंग बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या मागच्या खोलीत भरते आणि पाटी असलीच तर वहीच्या पुठ्ठ्याएवढी. नवखा फाटकापर्यंत येतो, दोन मिनिटं घुटमळतो आणि परत फिरतो. म्हणून आधी फोन करावा, पंधरा मिनिटं लवकर जावं आणि कुणीतरी फाटकाशी यावं असं सांगून ठेवावं. एएच्या संकेतस्थळावर शहरानुसार ग्रुप दिलेले असतात; १४४४६ ही शासनाची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही आहे. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर सिडकोतल्याने खुशाल नाशिकरोडचा ग्रुप गाठावा. हद्द कुणी विचारत नाही.

मीटिंग तास-दीड तासाची. एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी ‘मी फक्त ऐकतो’ म्हटलं तरी पुरे. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ‘ओपन’ मीटिंग आहे ना, हे विचारून घ्यावं. ‘क्लोज्ड’मध्ये फक्त पिण्याचा प्रश्न असलेलेच बसतात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप असतो, आणि तो पिणारा येवो न येवो, त्यांच्या उपयोगाचा आहे.

सातपूर-अंबडच्या कामगारांचं गाडं मात्र शिफ्टवर अडतं. संध्याकाळची मीटिंग फर्स्ट शिफ्टला जमते, सेकंड लागली की आठवडा कोरडा जातो (म्हणजे मीटिंगविना!), आणि त्याच आठवड्यात पगार झाला तर स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, ठरलेली. अशाने एकाच ग्रुपवर विसंबू नये. एक घराजवळचा, एक रविवारचा असे दोन धरावेत, आणि पहिल्याच दिवशी दोन-तीन जुन्या सभासदांचे नंबर घ्यावेत. फोन करायचा तो पिण्याआधी. नंतर केलेल्या फोनवर नुसतं रडणं होतं. सुरुवातीला तीन महिने रोज मीटिंग करा, असं जुने सांगतात. रोज नाही जमलं तरी एका मीटिंगवरून मत बनवू नये. पहिला ग्रुप कधी कधी खरंच कंटाळवाणा निघतो.

आता मुद्द्याचं. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ असं रोज छापून येतं. त्या पुडीत काय असतं, कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध, असेल आणि त्यावर तो प्यायला, तर चेहरा लाल होऊन उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यूही. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणूनच डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगितल्याशिवाय देत नाहीत. ही जाहिरात छापायला जागा आहे, आणि ‘शहरात आज’मध्ये कीर्तन-व्याख्यानांच्या शेजारी मीटिंगच्या दोन ओळींना नाही?

वार, वेळ, परिसर, जवळची खूण, ओपन की क्लोज्ड, आणि ग्रुपचा फोन, एवढंच छापावं. सभासदांची नावं आणि फोटो नकोत. वर्तमानपत्रांत निनावी राहणं हा एएच्या बारा परंपरांपैकी एक नियम आहे. मजकूर दर महिन्याला ग्रुपकडून पडताळून घ्यावा, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा किंवा निवडणुका आल्या की शाळेतले वर्ग जातात, मीटिंग दुसरीकडे हलते आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस बंद फाटक पाहून निघून जातो.

– व्यसनमुक्तीच्या कामातले काही जण, नाशिक